डोमेन-नोंदणीतील क्रेडिट कार्डाची फसवणूक : शब्दप्रामाण्याचा एक प्रश्न

नाव देणे ही मनुष्याची फार जुनी भाषिक क्रिया होय. नाव विकत घेणे ही त्या मानाने अलीकडची गोष्ट. आणि दुसऱ्याच्या पैशाने, बहुधा दुसऱ्याच्याच नावावर, एक तिसरे नाव विकत घेणे ही तर गेल्या तीस वर्षांतील घटना. इंटरनेटवरील डोमेन नावांच्या नोंदणीत चोरलेल्या क्रेडिट कार्डांचा जो वापर होतो, त्याचे स्वरूप नेमके असे आहे. या प्रश्नाचा विचार सामान्यतः पोलीस, बँका व संगणकतज्ज्ञ यांच्याकडे सोपविला जातो. परंतु या फसवणुकीत कुलूप फोडावे लागत नाही, नोट छापावी लागत नाही, सहीची नक्कलही करावी लागत नाही. काही अंक व काही शब्द योग्य क्रमाने लिहिले की कार्यभाग साधतो. अर्थात हा गुन्हा आरंभापासून अखेरपर्यंत भाषिक आहे. विधानाचे रूप तपासणे आणि विधान करणाऱ्याचा अधिकार तपासणे या दोन भिन्न क्रिया होत. त्यांतील भेद दृष्टीआड झाल्यामुळेच हा गुन्हा शक्य होतो, असे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नाव, नोंद आणि मूल्य

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला अंकांनी बनलेला एक पत्ता असतो. हे अंक मनुष्याच्या स्मरणात राहणे कठीण; म्हणून अंकांना नावे जोडण्याची व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. ‘डॉट कॉम’ या वर्गातील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. या व्यवस्थेतील प्रत्येक नाव एकमेव असावे लागते. एकाच गावात दोन गोविंद सुखाने नांदू शकतात. परंतु एकाच वर्गात एकरूप अशी दोन डोमेन नावे असू शकत नाहीत. यास्तव कोणते नाव कोणाचे हे सांगणारी नोंद हाच या व्यवस्थेचा पाया ठरतो.

नोंदणीच्या व्यवहारात आज तीन पक्ष असतात. एका वर्गातील सर्व नावांची मूळ सूची राखणारी संस्था ती ‘रजिस्ट्री’. ग्राहकाकडून पैसे व माहिती घेऊन ती सूचीपर्यंत पोहोचविणारी संस्था तो ‘रजिस्ट्रार’. आणि नाव घेणारा तो नोंदणीधारक. रजिस्ट्रारांना अधिमान्यता देण्याचे काम १९९८ मध्ये स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही संस्था करते. तिच्या स्थापनेनंतर, १९९९ पासून, रजिस्ट्रारांची संख्या वाढून त्यांच्यात स्पर्धा सुरू झाली.

आरंभी नाव घेण्यास पैसे पडत नसत. १४ सप्टेंबर १९९५ पासून नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीने दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारण्यास सुरुवात केली. परंतु नावाला किंमत आली तेव्हाच त्याची चोरीही सुरू झाली, आणि पहिल्या गाजलेल्या चोरीत पैशाचा नव्हे तर पत्राचा उपयोग झाला होता. गॅरी क्रेमेन यांनी १९९४ मध्ये ‘सेक्स डॉट कॉम’ हे नाव आपल्या ‘ऑनलाइन क्लासिफाइड्स’ या कंपनीसाठी नोंदले होते. ऑक्टोबर १९९५ मध्ये स्टीफन कोहेन याने त्या कंपनीच्या नावाने एक बनावट पत्र सादर केले. कंपनीने हे नाव सोडून दिले आहे व ते कोहेनला देण्यास तिची हरकत नाही, असा त्यातील आशय होता. कंपनीला इंटरनेटची थेट जोडणी नाही, असेही त्या पत्रात म्हटले होते. ‘ऑनलाइन’ हे नाव मिरविणाऱ्या कंपनीच्या तोंडी हे विधान किती विसंगत आहे हे कोणाच्याही ध्यानात यावे. तथापि क्रेमेन यांना न विचारताच नाव दुसऱ्याच्या नावावर चढविले गेले. २००१ मध्ये न्यायालयाने कोहेनविरुद्ध एकूण साडेसहा कोटी डॉलरांचा निवाडा दिला, आणि २००३ मध्ये अमेरिकेतील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने डोमेन नाव ही हिरावून घेता येण्याजोगी मालमत्ता आहे असे मानून नेटवर्क सोल्यूशन्सवरही दायित्व येऊ शकते असा निर्णय दिला.

येथे दावा खोटा होता, पण त्याचे रूप निर्दोष होते. कागद योग्य होता, मजकूर योग्य होता. फक्त लिहिणारा योग्य नव्हता. पुढे पत्राची जागा कार्डाच्या अंकांनी घेतली. प्रश्न मात्र तोच राहिला.

२. अंकांचे व्याकरण

क्रेडिट कार्डावरील क्रमांक म्हणजे अंकांची कशीही केलेली मांडणी नव्हे. त्याला घटक आहेत व रचनेचे नियम आहेत. आरंभीचे अंक कार्ड देणारी संस्था दर्शवितात, मधले अंक खाते दर्शवितात, आणि शेवटचा अंक इतर सर्व अंकांवरून काढलेला असतो. हा शेवटचा अंक काढण्याची रीत आय.बी.एम.मधील हान्स पीटर लून यांची. तिच्या पेटंटसाठी १९५४ मध्ये अर्ज करण्यात आला आणि ते १९६० मध्ये मंजूर झाले.

रीत अशी : उजवीकडून मोजताना शेवटचा अंक तसाच ठेवावा, त्याच्या डावीकडील अंकाची दुप्पट करावी, पुढचा तसाच ठेवावा, त्यापुढील अंकाची दुप्पट करावी, आणि असे शेवटपर्यंत करीत जावे. दुप्पट दोन अंकी आल्यास तिचे अंक मिळवून एक अंक करावा. सर्वांची बेरीज दहाने भागली गेली तर क्रमांक शुद्ध. उदाहरणार्थ, १२३४४ हा लहानसा क्रमांक घेऊ. त्यावरून उजवीकडून ४, ८, ३, ४, १ असे अंक मिळतात. बेरीज २०, म्हणून क्रमांक शुद्ध. आता लिहिणाऱ्याने चुकून २ व ३ यांची अदलाबदल केली व १३२४४ असे लिहिले तर ४, ८, २, ६, १ मिळून २१ होतात. क्रमांक अशुद्ध ठरतो. एखादा अंक चुकला तर ही रीत ती चूक हमखास पकडते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही ती पकडते. ० व ९ यांची तेवढी तिच्या नजरेतून सुटते.

परंतु ही रीत काय पकडत नाही, हे अधिक महत्त्वाचे. ती लेखनदोष ओळखते, असत्य ओळखत नाही. आपल्या परंपरेतील नैयायिक व वैयाकरण यांना हा भेद चांगला परिचित होता. ‘वंध्यापुत्र’ आणि ‘शशशृंग’ हे शब्द समासाच्या नियमांनुसार सर्वथा शुद्ध आहेत, पण त्यांनी दर्शविलेली वस्तू जगात नाही. लूनच्या कसोटीस उतरणारा क्रमांक कोणत्याही शाळकरी मुलाला कागदावर बनविता येईल. तो कोणाच्या खात्याचा असेलच असे नाही. म्हणजे हा क्रमांक ‘वंध्यापुत्रा’च्या जातीचा झाला. अशा क्रमांकामागे खाते आहे की नाही हे बँकेला विचारूनच कळते, आणि बँक ते सांगते.

चोरलेले कार्ड मात्र ‘वंध्यापुत्र’ नव्हे. त्याचा क्रमांक शुद्ध आहे, त्यामागचे खाते खरे आहे, खात्यात पैसेही आहेत. रूप आणि अर्थ दोन्ही निर्दोष आहेत. दोष आहे तो वक्त्यात.

३. वक्त्याचा अधिकार

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेली व्याख्याने १९६२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत तर उच्चाराबरोबरच एखादे कृत्य घडवून आणतात, हा त्यांचा सिद्धान्त आता सर्वपरिचित आहे. जहाजाचे नामकरण हे त्यांचे आवडते उदाहरण. नामकरणाचे शब्द अचूक उच्चारले, पण उच्चारणारा त्यासाठी नेमलेला मनुष्य नसला, तर नामकरण घडतच नाही. कृत्य रद्दबातल ठरते. ऑस्टिन यांनी या प्रकारापासून दुसरा एक प्रकार वेगळा काढला आहे. वचन देणाऱ्याच्या मनात ते पाळण्याचा हेतूच नसेल, तर वचन दिले जाते, पण ते पोकळ असते.

डोमेन-नोंदणी हेही एक नामकरण आहे. चोरलेल्या कार्डाने केलेली नोंदणी यांपैकी कोणत्या प्रकारात बसते? पैसे देण्याचा अधिकार नसलेल्या मनुष्याने पैसे दिले, म्हणून ती पहिल्या प्रकारची, म्हणजे रद्दबातल मानली पाहिजे. पण प्रत्यक्षात ती रद्द होत नाही. ती लागू होते. नाव सूचीत चढते, सर्व जगात दिसू लागते, आणि त्या नावाने पत्रे पाठविता येतात. वस्तुतः न घडलेले कृत्य घडल्यासारखे वागते, ही या व्यवहाराची विलक्षणता होय.

अधिकार तपासण्याचे उपाय योजले गेले नाहीत असे नाही. कार्डाच्या पाठीवरील तीन अंक विचारले जातात. अमेरिका, ब्रिटन यांसारख्या देशांत घरच्या पत्त्यातील अंक बँकेकडील नोंदीशी ताडून पाहिले जातात. परंतु हे सर्व प्रश्न एकाच मनुष्याला विचारले जातात. न्यायालयात एका साक्षीदाराने तीच हकीकत तीन वेळा सांगितली म्हणून तीन साक्षी झाल्या असे कोणी म्हणत नाही. ज्याच्या हाती क्रमांक पडला त्याच्या हाती बहुधा पत्ताही पडलेला असतो. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले ते ‘आप्ता’च्या शब्दाला, वस्तू जशी आहे तशी जाणणारा व जाणली तशी सांगू इच्छिणारा तो आप्त. चोराला माहिती पुरेपूर असते. उणीव असते ती यथार्थ सांगण्याच्या इच्छेची. जितके अधिक प्रश्न विचारावेत तितकी त्याच्या ज्ञानाची परीक्षा होते, आप्तत्वाची होत नाही.

खरा उपाय दुसरा साक्षीदार बोलावणे हाच. भारतीय रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील देशांतर्गत कार्ड-व्यवहारांना कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एका प्रमाणाची अट घातली. त्यातूनच आज मराठी घरांत ‘ओटीपी’ हा शब्द परिचित झाला आहे. भाषेच्या दृष्टीने पाहता ‘ओटीपी’ म्हणजे बँकेने व्यापाऱ्याला बाजूस ठेवून, निराळ्या वाटेने, थेट कार्डधारकाला विचारलेला प्रश्न होय. यात संभाषणाचा मार्गच बदलतो. मात्र परदेशी व्यापाऱ्याला दिलेल्या पैशांना तो नियम त्याच रीतीने लागू नव्हता, आणि डोमेन नावांचे विक्रेते तर जगभर पसरलेले आहेत. युरोपीय संघात ग्राहकाची अशी द्विविध ओळख पटविण्याचा नियम १४ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाला. सर्व देशांना एकच नियम बांधून ठेवीत नाही, हेच चोराच्या पथ्यावर पडते.

४. पाच दिवस आणि साठ दिवस

चोराने इतर वस्तू सोडून डोमेन नावच का घ्यावे? एक तर ते स्वस्त आहे. ‘डॉट कॉम’ नावासाठी रजिस्ट्री रजिस्ट्रारांकडून जो वार्षिक आकार घेते, तो १ सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाला. एवढी लहान रक्कम कार्डधारकाच्या सहसा नजरेत भरत नाही. म्हणून चोरलेले कार्ड चालते की नाही हे पाहण्यासही अशी खरेदी सोयीची पडते. दुसरे, हे नाव कोठे पोहोचवावे लागत नाही. घराचे दार ठोठावणारा कोणी नाही. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, ते तत्काळ हाती येते. ‘डॉट कॉम’ची सूची पूर्वी दिवसातून दोनदा अद्ययावत होत असे, सप्टेंबर २००४ पासून ती काही मिनिटांत होऊ लागली. बँकेच्या संकेतस्थळासारखे दिसणारे खोटे संकेतस्थळ उभारून लोकांचे परवलीचे शब्द काढून घेणाऱ्यास नाव वर्षभर नको असते. त्याचे काम काही तासांत वा दिवसांत उरकते.

याउलट खोटेपणा उघडकीस येण्याची गती मंद आहे. कार्डधारकाला महिन्याचा हिशेब मिळतो तेव्हा अनोळखी खर्च दिसतो. अमेरिकी कायद्यानुसार चुकीच्या आकारणीविरुद्ध लेखी तक्रार करण्यास हिशेब पाठविल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे, आणि अनधिकृत वापराबाबत त्याच्यावरील बोजा ५० डॉलरांहून अधिक असू शकत नाही. तक्रार झाली की बँक विक्रेत्याकडून रक्कम परत घेते. यालाच ‘चार्जबॅक’ म्हणतात. पैसे तर जातातच, शिवाय या उलट्या व्यवहाराचे शुल्कही विक्रेत्याला भरावे लागते. रजिस्ट्रीकडून रजिस्ट्रारला मात्र पहिल्या पाच दिवसांतच नाव रद्द करून आकार परत मिळविता येतो. ही सवलत मुळात नोंदणीतील लेखनदोष सुधारण्यासाठी होती. फसवणूक निस्तरण्यासही ती उपयोगी पडली. पण फुकटात नावे चाखून पाहण्याचा धंदा तिच्याच आधाराने फोफावला, म्हणून २००९ मध्ये तिच्यावर मर्यादा घालण्यात आली. पाच दिवस आणि साठ दिवस यांच्यामधील अंतरात जे नुकसान होते, ते रजिस्ट्रारच्या माथी बसते.

आयकॅन आणि रजिस्ट्रार यांच्यातील करारात याविषयी एक कलम आहे. नोंदणीच्या शुल्काची वाजवी हमी मिळाल्याशिवाय नाव कार्यान्वित करू नये, असे ते सांगते, आणि क्रेडिट कार्डावरील आकारणी ही अशी हमी मानते. अट एकच : नाव कार्यान्वित होताच शुल्काचे देणे अंतिम व्हावे व नोंदणीधारकाला ते मागे घेता येऊ नये. कलमाचे शब्द काळजीपूर्वक वाचण्याजोगे आहेत. नोंदणीधारकाला देणे मागे घेता येणार नाही, हे खरे. पण चार्जबॅक मागणारा नोंदणीधारक नसतोच. तो कार्डाचा खरा मालक असतो, ज्याने नाव कधी मागितलेच नव्हते. करार लिहिणाऱ्यांनी ‘नाव घेणारा’ आणि ‘पैसे देणारा’ हे दोन कर्ते एकच धरले. वाक्यातील कर्ता बदलताच हमी नाहीशी होते.

या ठिकाणी महाराष्ट्रातील जमिनीच्या नोंदीशी तुलना उद्बोधक ठरेल. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये फेरफाराची नोंद प्रथम नोंदवहीत होते, हितसंबंधितांना सूचना दिली जाते, हरकती ऐकल्या जातात, अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच ती सातबाऱ्यावर उतरते. या पद्धतीला दिरंगाईचा दोष कोणीही देईल. परंतु ‘नोंदलेले’ आणि ‘प्रमाणित’ हे दोन शब्द तिने वेगळे ठेवले आहेत. डोमेन-नोंदणीत नोंद आधी अंमलात येते आणि प्रमाणाचा विचार नंतर होतो. २०१३ च्या करारान्वये रजिस्ट्रारने नोंदणीधारकाचा ई-मेल वा दूरध्वनी १५ दिवसांत पडताळून पाहणे आवश्यक झाले. ही सुधारणा स्वागतार्ह खरी. पण ई-मेल चालतो एवढेच त्यातून सिद्ध होते, तो कोणाचा हे नव्हे.

५. नोंद ठेवणाराच दोषी असेल तर

आतापर्यंत रजिस्ट्रार हा फसविला जाणारा पक्ष मानला. तोच संशयास पात्र ठरला तर काय होते, हे ‘एस्टडोमेन्स’ या एस्टोनियाशी संबंधित रजिस्ट्रारच्या प्रकरणात २००८ मध्ये दिसून आले. या संस्थेचे अध्यक्ष व्लादिमिर त्सास्त्सिन यांना फेब्रुवारी २००८ मध्ये एस्टोनियातील न्यायालयाने क्रेडिट कार्डाची फसवणूक, काळ्या पैशाचे व्यवहार व कागदपत्रांची बनावट या गुन्ह्यांबद्दल दोषी ठरविले होते. रजिस्ट्रारचा अधिकारी वा संचालक अशा गुन्ह्यात दोषी ठरला आणि त्याला पदावरून दूर करण्यात आले नाही, तर अधिमान्यता काढून घेता येईल, असे कलम करारात होते. आयकॅनने २८ ऑक्टोबर २००८ रोजी तशी सूचना दिली.

त्यानंतरचा वाद पाहता तो सर्वस्वी शब्दांचा होता. त्सास्त्सिन यांनी पद सोडले आहे, म्हणून ते आता ‘अधिकारी’ नाहीत. निकालावर अपील आहे, म्हणून ते अद्याप ‘दोषी’ नाहीत, असा बचाव मांडण्यात आला. आयकॅनने काही दिवस कारवाई थांबवून तो तपासला, अमान्य केला, आणि २४ नोव्हेंबर २००८ पासून अधिमान्यता संपुष्टात आणली. या संस्थेकडील सुमारे २ लाख ८१ हजार नावे मुंबईच्या डायरेक्टी या समूहातील रजिस्ट्रारकडे सोपविण्यात आली. त्सास्त्सिन यांचे नाव पुढे आणखी मोठ्या प्रकरणात आले. चाळीस लाखांहून अधिक संगणकांतील नाव-शोधाची यंत्रणा बदलून त्यांना भलत्याच पत्त्यांवर नेणाऱ्या टोळीतील सहभागाबद्दल न्यूयॉर्क येथील न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांना ८७ महिन्यांची शिक्षा दिली. नाव आणि त्याचा अर्थ यांचा संबंध परस्पर बदलून टाकणे हे त्या गुन्ह्याचे सार होते.

या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष असा की, साक्षींची साखळी कितीही लांबविली तरी कोणत्या तरी दुव्यावर केवळ विश्वास ठेवावाच लागतो. तो दुवा कोणता, हे स्पष्ट सांगितलेले असले पाहिजे. एस्टडोमेन्सविरुद्ध कारवाई शक्य झाली, कारण ‘अधिकारी’ आणि ‘दोषी’ या शब्दांचे परिणाम कराराने आधीच सांगून ठेवले होते.

६. उरलेले नुकसान

चोरलेल्या कार्डाच्या व्यवहारात पैशाचे नुकसान मोजता येते व बहुतांशी भरूनही निघते. भारतातही त्रयस्थाकडून झालेल्या गैरव्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर कोणताही बोजा पडू नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घातला. परंतु दुसरे एक नुकसान हिशेबात येत नाही. बँकेची पत्त्याची कसोटी पार पडावी म्हणून चोर नोंदणीच्या अर्जात कार्डधारकाचेच नाव व पत्ता लिहितो. परिणामी, ज्याचे पैसे गेले तोच खोट्या संकेतस्थळाचा मालक म्हणून सूचीत झळकतो. मे २०१८ मध्ये युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीविषयक कायदा अंमलात येईपर्यंत ही सूची सामान्यतः कोणालाही वाचता येत असे. त्या कायद्यानंतर व्यक्तींची नावे बहुतांशी झाकली गेली. त्यामुळे निरपराध मनुष्याची बदनामी टळते, पण आपले नाव कोठे लिहिले गेले आहे हे त्यालाही सहजासहजी कळत नाही.

म्हणून चार्जबॅकने व्यवहार पूर्ववत होतो हे म्हणणे अर्धेच खरे. चार्जबॅक पैशाचे विधान मागे घेते. नावाविषयीचे विधान मागे घेण्याची तशी सर्वमान्य रीत नाही. रजिस्ट्रार नाव बंद करतो, पण ‘हे नाव या गृहस्थाने कधीच घेतले नव्हते’ असे कोणी नोंदवीत नाही. जमिनीच्या फेरफारात चुकीची नोंद रद्द होते तेव्हा ती रद्द झाल्याचीही नोंद होते. तेवढी तरी सोय येथे असावयास हवी.

देवनागरी लिपीतील ‘डॉट भारत’ हा वर्ग २७ ऑगस्ट २०१४ पासून सुरू झाला असून मराठीही त्यात समाविष्ट आहे. त्यामुळे नोंदणीचे अर्ज, अटी व हमीपत्रे मराठीत घडविण्याचे काम येथील अभ्यासकांपुढे आहे. ते करताना इंग्रजी कलमांचे केवळ भाषांतर पुरेसे होणार नाही. नाव घेणारा, पैसे देणारा आणि नोंदीत ज्याचे नाव चढते तो, हे तीन कर्ते मराठी वाक्यात निरनिराळे ठेवावे लागतील. आणि ‘नोंदलेले’ व ‘प्रमाणित’ हा महसुली भाषेने जपलेला भेदही त्यात आणावा लागेल. कलमातील कर्ता नेमका सांगितला, तर नुकसान कोणी सोसावयाचे हा प्रश्न तंट्याच्या वेळी नव्हे, नोंदीच्या वेळीच सुटेल.